दूध पुरते का? वाचकांच्या पत्रांना उत्तरे

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे नवजात बाळाला अंगावर पाजण्याविषयी आहेत आणि त्यांपैकी बऱ्याच पत्रांच्या मुळाशी एकच शंका आहे : आईचे दूध पुरत नसावे. ही शंका खरी असेल तर तिचा शोध घ्यायलाच हवा. परंतु बालरोगतज्ज्ञ म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, शंका आणि कमतरता यांत घरोघरी गल्लत केली जाते आणि त्या गल्लतीतून सुरू झालेले वरचे दूधच पुष्कळदा खऱ्या कमतरतेला कारण होते. म्हणून पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर दिले आहे. त्यातील बराचसा भाग पुढील पत्रांनाही लागू पडेल. पत्रे संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी एकवीस दिवसांची आहे. जन्माच्या वेळी वजन २.९ किलो होते, तिसऱ्या दिवशी घरी येताना २.७ किलो भरले आणि पंधराव्या दिवशी तपासणीला नेले तेव्हा ३ किलो होते. दिवसा ती पिते आणि झोपते. पण संध्याकाळी सहा-सातपासून रात्री दहापर्यंत सारखी रडते, दर अर्ध्या तासाने प्यायला मागते. पहिल्या आठवड्यात छाती दगडासारखी घट्ट व्हायची, आता मऊ लागते. सासूबाई म्हणतात की दूध आटले. रुग्णालयातून निघताना दुधाच्या भुकटीचा एक नमुन्याचा डबा मिळाला होता. त्यातले दूध गेले पाच दिवस रात्री दोन वेळा बाटलीने देत आहोत. ते ती गटागटा पिते आणि लगेच झोपते. म्हणजे माझे दूध कमीच आहे ना? (परभणी)

उत्तर : तुम्ही वजनाचे आकडे लिहून पाठवलेत हे फार चांगले केलेत, कारण उत्तराचा मोठा भाग त्यांतच आहे. जन्मानंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांत बाळाच्या अंगातले जादा पाणी कमी होते, काळी शी बाहेर पडते आणि वजन साधारण सात टक्क्यांपर्यंत उतरते. तुमच्या मुलीचे वजन तेवढेच उतरले. हे वजन दहा ते चौदा दिवसांत भरून यावे अशी अपेक्षा असते; तुमची मुलगी पंधराव्या दिवशी जन्मवजनाच्या शंभर ग्रॅम पुढे गेली होती. तिसऱ्या दिवसापासून पंधराव्या दिवसापर्यंत तिचे वजन ३०० ग्रॅमने, म्हणजे रोज सरासरी २५ ग्रॅमने वाढले. या वयात रोज २० ते ३० ग्रॅम वाढ आम्ही समाधानकारक मानतो. आणि लक्षात घ्या, ही सगळी वाढ वरचे दूध सुरू होण्यापूर्वीची, निव्वळ तुमच्या दुधावरची आहे. त्या दिवशी तुमचे दूध पुरत होते, याबद्दल मला शंका नाही.

मग संध्याकाळचे रडणे कशाचे? दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून बरीच बाळे दिवस मावळताना चिडचिडी होतात आणि त्या तीन-चार तासांत पुन्हा पुन्हा छातीशी येतात. संध्याकाळी दूध थोडे संथ उतरते, बाळ दिवसभराच्या आवाजांनी व माणसांनी थकलेले असते आणि वाढीचा वेग मोठा असल्याने ते पुढच्या दिवसांसाठी अधिक दुधाची मागणीही नोंदवत असते. छाती मऊ लागण्याचे कारण वेगळे आहे. पहिल्या आठवड्यातील घट्टपणात दुधाबरोबरच रक्तपुरवठा वाढल्याने आलेली सूजही असते. ती ओसरली आणि दुधाचे प्रमाण बाळाच्या गरजेशी जुळले की स्तन मऊ होतात, दूध गळणेही थांबते. राहिले बाटलीचे दूध गटागटा पिणे. बाटलीतून दूध आपोआप तोंडात येत राहते आणि या वयाचे बाळ तोंडात आलेले दूध गिळतेच. त्यामुळे ते भुकेले होते असे सिद्ध होत नाही. शिवाय पोट गच्च भरल्यावर येणारी झोप म्हणजे समाधानच असते, असेही नाही.

दूध कसे तयार होते हे घरातल्या सर्वांनी समजून घेतले, तर पुढचा निर्णय सोपा होईल. बाळ स्तन ओढू लागले की आईच्या मेंदूतील ग्रंथीतून दोन संप्रेरके स्रवतात. प्रोलॅक्टिनमुळे दूध तयार होते आणि ऑक्सिटोसिनमुळे ते नलिकांतून पुढे येते, ज्याला आपण पान्हा फुटणे म्हणतो. प्रोलॅक्टिनचे प्रमाण रात्री अधिक असते, म्हणून रात्रीचे पाजणे टाळू नये. यापेक्षाही महत्त्वाचा नियम असा की, स्तन जितका रिकामा होतो तितका तो लवकर भरतो आणि दूध साचून राहिले की त्यातील एका घटकामुळे नवे दूध तयार होण्याचा वेग मंदावतो. तुम्ही रात्री दोन वेळा बाटली देता तेव्हा त्या दोन वेळांचे दूध छातीत साचून राहते आणि शरीराला कळते की तेवढ्या दुधाची गरज उरलेली नाही. आठ-दहा दिवसांनी दूध खरोखरच कमी होते, बाटल्या दोनाच्या चार होतात आणि ‘आम्ही म्हणतच होतो’ असे म्हणायला सगळे मोकळे होतात. आईला चारचौघांत ‘हिला दूध नाही’ असे ऐकवण्याचेही परिणाम होतात. वेदना, भीती आणि अपमान यांमुळे ऑक्सिटोसिन तात्पुरते अडते. दूध असूनही चटकन उतरत नाही. सासूबाईंची काळजी खरी आहे, पण ती व्यक्त करण्याची ही रीत बाळाच्या हिताची नाही, हे तुमच्या यजमानांनी त्यांना समजावून सांगावे.

आता काय करावे? बाटली सुरू होऊन पाचच दिवस झाले आहेत, त्यामुळे ती थांबवणे कठीण नाही. उद्यापासून रात्रीच्या त्या दोन्ही वेळी, आणि बाळ मागेल त्या प्रत्येक वेळी, अंगावर घ्या. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणे स्वाभाविक आहे. एक बाजू बाळाने स्वतः सोडेपर्यंत पिऊ द्या, ढेकर काढा, मग दुसरी द्या. पुढच्या वेळी ज्या बाजूने शेवट झाला होता तिने सुरुवात करा. बाळ आठ मिनिटे प्यायले की पंधरा, हे घड्याळात पाहण्यापेक्षा गिळण्याचा आवाज ऐका. पकड नीट आहे का ते आरशात किंवा कोणाकडून तरी पाहून घ्या. बाळाचे पोट तुमच्या पोटाला टेकलेले, कान-खांदा-कंबर एका रेषेत, तोंड जांभई दिल्यासारखे उघडलेले, हनुवटी स्तनात रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग वरच्या बाजूला जास्त व खालच्या बाजूला कमी दिसणारा, अशी पकड हवी. नुसते बोंड तोंडात असेल तर दूध नीट येत नाही आणि आईला चिरा पडतात. संध्याकाळच्या त्या तासांत बाळाला उघड्या छातीशी घेऊन वरून दुपटे पांघरा. त्या स्पर्शाने बाळ शांत होते आणि पान्हाही सुटतो.

दूध पुरते की नाही, हे लंगोटावरून ओळखावे. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत निदान सहा वेळा फिकट लघवी, पहिल्या महिन्यात तीन-चार वेळा पिवळसर सैल शी, पिऊन झाल्यावर मुठी सैल पडणे आणि आठवड्याला किमान दीडशे ग्रॅम वजनवाढ एवढे असेल, तर दूध भरपूर आहे असे निश्चित समजा. बाटली थांबवल्यानंतर तीन-चार दिवसांनी आणि पुन्हा आठवड्याने त्याच काट्यावर, कपडे काढून वजन करून घ्या. आशाताई किंवा अंगणवाडीतही ते होईल.

दूध खरोखर कमी असणे शक्य असते, हेही मला तितक्याच गांभीर्याने सांगायचे आहे. प्रसूतीत झालेला मोठा रक्तस्राव, गर्भाशयात राहिलेला वारेचा तुकडा, थायरॉइडचा विकार, काही स्त्रियांत पीसीओएस (बीजकोशांचा संप्रेरकांशी निगडित विकार), स्तनाची पूर्वी झालेली शस्त्रक्रिया किंवा बाळाच्या जिभेखालचा आखूड पडदा ही त्यामागची कारणे असू शकतात. दोन आठवड्यांनीही जन्मवजन भरून आले नाही, लघवी कमी व गडद झाली, बाळ पाजायलाही उठेना किंवा कावीळ वाढत गेली, तर घरगुती उपाय करत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. अशा वेळी वरचे दूध हे औषधच असते. ते योग्य प्रमाणात, शक्यतो वाटी-चमच्याने द्यावे आणि जोडीला दूध वाढवण्याचे प्रयत्नही चालू ठेवावेत. ज्या आईवर ही वेळ येते तिने स्वतःला दोष देण्याचे काहीएक कारण नाही.

तुम्हाला मिळालेल्या नमुन्याविषयी : १९९२ च्या कायद्याने, आणि त्यात २००३ साली झालेल्या दुरुस्तीने, शिशुदुधाचे पर्याय, दुधाच्या बाटल्या व शिशुआहार यांची जाहिरात करण्यास आणि त्यांचे मोफत नमुने वाटण्यास भारतात मनाई आहे. तो डबा तुमच्या हाती यायलाच नको होता.

प्रश्न : माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. नातू बारा दिवसांचा झाला. आमच्याकडे मे महिन्याचा कडक उन्हाळा आहे. बाळाच्या ओठांना कोरड पडेल म्हणून मी चमचाभर पाणी द्यावे म्हणते, तर मुलगी देऊ देत नाही. गुटी आणि मधालाही नाही म्हणते. आम्ही तर सगळे दिले आणि आमची मुले धडधाकट आहेत. दूध वाढावे म्हणून तिला डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेथी, शतावरी यांतले काय द्यावे? पथ्य काय ठेवावे? (चंद्रपूर)

उत्तर : आजी, बाळंतिणीला वेळेवर गरम जेवण मिळणे, तिला दुपारी दोन तास झोप मिळणे आणि बाळ पाहायला येणाऱ्यांची रांग कोणीतरी दारातच आवरणे, या तीन गोष्टी दूध टिकवण्यात कोणत्याही औषधापेक्षा मोलाच्या आहेत आणि त्या तुमच्यामुळेच होत आहेत. म्हणून पुढचे सारे तुमच्या अनुभवाचा मान राखून लिहितो.

खाण्यापासून सुरुवात करू. मेथी आणि शतावरी यांनी दूध वाढते का, यावर झालेले अभ्यास लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. ‘हे खा, दूध वाढेल’ असे खात्रीने म्हणता येईल असा एकही पदार्थ मला माहीत नाही. बाळ नीट ओढत नसेल, तर लाडवांचा डबा संपला तरी दूध वाढणार नाही. पण अन्न म्हणून हे पदार्थ उत्तम आहेत. अळिवात लोह भरपूर असते, डिंक-खारीक-खोबऱ्याच्या लाडवातून चांगली ऊर्जा मिळते आणि गरम खीर प्रेमाने हातात आली की बाळंतिणीच्या मनालाही बरे वाटते. रोज एक लाडू आणि वाटीभर खीर खुशाल द्या. मेथीचे मात्र औषधासारखे मोठे डोस देऊ नका. त्याने जुलाब होऊ शकतात, रक्तातील साखर उतरू शकते आणि मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या आईला त्याचा त्रास होऊ शकतो.

माझा खरा आक्षेप आहे तो पथ्याच्या नावाखाली ताटातून काढून घेतल्या जाणाऱ्या गोष्टींना. डाळ वातूळ, पालेभाजी थंड, फळे बाळाला बाधतात, पाणी प्यायले की पोट सुटते, असे म्हणत महिनाभर बाळंतिणीला मऊ भात आणि तूप एवढ्यावर ठेवणे चुकीचे आहे. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज साधारण ६०० कॅलरी जास्त लागतात, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे मापन आहे. म्हणजे नेहमीच्या जेवणाखेरीज भाकरी, घट्ट वरण किंवा उसळ, भाजी व दही असे आणखी एक छोटे जेवण. पिकलेली पपई, केळी, संत्री यांपैकी काहीही चालते. शाकाहारी घरांत दूध, दही व ताक यांची वानवा नसावी, कारण आईच्या शरीरात बी-१२ कमी असेल तर दुधातूनही ते बाळाला कमी मिळते. पाण्याचा हट्ट धरून दूध वाढत नाही. पण पाजायला बसल्यावर तहान लागते, तेव्हा शेजारी भरलेला तांब्या असावा. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या प्रसूतीनंतर १८० दिवस घ्यायच्या असतात. त्या दोन्ही एकाच वेळी घेऊ नयेत, कारण कॅल्शियममुळे लोह नीट शोषले जात नाही.

आता नातवाचे पाहू. आईच्या दुधात ८७ टक्क्यांहून अधिक पाणीच असते आणि पिण्याच्या सुरुवातीला येणारे दूध तर विशेष पातळ असते. पारा ४५ अंशांवर गेला तरी बाळाची तहान त्यातूनच भागते. फक्त बाळ अधिक वेळा मागेल, तेव्हा त्याला पाजावे लागेल. बारा दिवसांच्या बाळाचे पोट एवढेसे असते. त्यात चमचा-चमचा पाणी गेले की तेवढे दूध कमी प्यायले जाते आणि पाण्यासोबत जुलाबाचे जंतूही पोटात जातात. मधाबाबत तर मी कोणतीही सवलत देणार नाही. मधात ‘क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम’ या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते अपाय करत नाहीत, परंतु वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात ते रुजून स्नायू लुळे पडण्याचा गंभीर आजार होऊ शकतो. त्यामुळे एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मधाचे बोटही नको. गुटीतील वेखंड, जायफळ अशी द्रव्ये दोन-तीन किलोच्या जिवाला किती वेढे उगाळून द्यावीत, याचे सुरक्षित माप कोणालाही सांगता येत नाही, आणि सहाण व पाणी यांतून जंतू जातात ते वेगळेच. तुमची मुले धडधाकट राहिली याचा आनंद आहे, पण ज्या घरांतील मुले जुलाबाने दगावली त्यांच्या कहाण्या कोणी पुन्हा सांगत नाही. सहा महिने पूर्ण होईपर्यंत आईच्या दुधाखेरीज बाळाला एकच गोष्ट द्यायची, ती म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब, रोज ४०० युनिट. कारण हे जीवनसत्त्व आईच्या दुधात पुरेसे नसते.

आणखी एक विनंती. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवून दारे-खिडक्या लावून घेण्याची पद्धत उन्हाळ्यात तरी पूर्ण सोडून द्या. बंद खोलीतील निखाऱ्यांचा धूर विषारी असतो आणि उष्णतेने बाळाच्या अंगातले पाणी कमी होते. लंगोटावर विटकरी डाग दिसू लागले, बाळाचे अंग तापले आणि ते मलूल पडून पिईनासे झाले, तर त्याला लगेच रुग्णालयात न्या.

प्रश्न : बाळ सहा आठवड्यांचे आहे. कालपासून उजव्या स्तनात लाल, दुखरी गाठ आली आहे आणि अंगात १०१ ताप आहे. घरात सांगतात की, दूध नासले आहे, बाळाला पाजू नको, गरम तेलाने जोरात चोळून गाठ मोड. (कोल्हापूर)

उत्तर : दूध नासलेले नाही, पाजणे चालू ठेवा. एका भागात दूध साकळले, आजूबाजूला सूज आली आणि त्यामुळे ताप आला, अशी ही अवस्था आहे. आता अचानक पाजणे थांबवले तर साकळणे वाढेल आणि त्याचे गळू होण्याची भीती राहील. या दुधाने बाळाला अपाय होत नाही.

जोरात चोळणे मात्र टाळाच. पूर्वी आम्हीही गरम शेक आणि मालीश सांगत असू. अलीकडच्या काळात समजले आहे की दाबून केलेल्या मालिशीने आतील नाजूक ऊतींना इजा होते आणि सूज वाढते. त्याऐवजी पाजून झाल्यावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे लावा, गाठीपासून काखेकडे अगदी हलका हात फिरवा आणि नेहमीइतकेच पाजा. गाठ रिकामी करायची म्हणून पंपाने सारखे दूध काढत राहिलात, तर दूध आणखी वाढेल आणि त्रासही वाढेल. तापासाठी पॅरासिटामॉल चालते. दुखण्यावर आयब्युप्रोफेनही स्तनपानात सुरक्षित आहे, मात्र पित्ताचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. ताप चोवीस तासांत उतरला नाही, तर प्रतिजैविक लागेल आणि पाजणाऱ्या आईला चालणारी प्रतिजैविके उपलब्ध आहेत. गाठ मऊ पडून आत द्रव हलतो असे वाटले, तर सोनोग्राफी करून घ्या. बोंडाला चिरा असतील तर मूळ कारण बहुधा तिथेच आहे. परभणीच्या पत्राच्या उत्तरातील पकडीचा भाग पुन्हा वाचा, आणि पाजून झाल्यावर दोन थेंब दूध तिथेच लावून वाळू द्या.

प्रश्न : बत्तिसाव्या आठवड्यात प्रसूती झाली. दीड किलोचे बाळ काचेच्या पेटीत आहे, नळीने दूध देतात. मला पहिल्या दिवशी चार थेंब आले, आता चौथ्या दिवशी चमचाभर येते. बाळ ओढतच नाही, तर दूध टिकेल कसे? (नाशिक)

उत्तर : ते चार थेंब म्हणजे चीक होता, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी त्याहून मोलाचे काही नाही. त्यात रोगप्रतिकारक द्रव्ये दाटलेली असतात, आणि आईच्या दुधावरच्या अशा बाळांना आतड्याचा जो प्राणघातक दाह होतो तो कमी प्रमाणात होतो.

बाळ ओढत नाही तोवर ते काम तुमच्या हाताने करायचे आहे. चोवीस तासांत आठ ते दहा वेळा, रात्री निदान एकदा उठून, दोन्ही बाजूंचे दूध काढा. अंगठा व तर्जनी काळसर भागाच्या कडेवर समोरासमोर ठेवा, आधी छातीकडे मागे दाबा, मग दोन्ही बोटे एकमेकांकडे दाबा आणि सोडा. कातडीवरून बोटे घासू नका. सुरुवातीला काही निघाले नाही तरी हे करत राहायचे, कारण मागणीची नोंद शरीरात होत असते. दूध आले की हातानंतर पंपही वापरता येईल. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत दोन्ही बाजूंचे मिळून दिवसाला पाचशे मिलिलिटरच्या आसपास दूध निघू लागले, तर पुढे चिंता उरत नाही.

परवानगी मिळताच बाळाला कांगारू पद्धतीने उघड्या छातीशी घ्या. कोलंबियातील बोगोटा शहरात १९७८ साली पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून सुरू झालेली ही पद्धत आज जगभर उपचाराचा भाग आहे. तिने बाळाचे तापमान टिकते आणि आईचे दूध वाढते. चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास ओढणे, गिळणे आणि श्वास यांचा मेळ बसू लागतो. तोपर्यंत नळीनंतरची पायरी वाटी-चमचा किंवा आपले घरचे बोंडले असावी, बाटली नको. तुमचे दूध काही दिवस कमी पडले तर डॉक्टरांकडे मातृदुग्धपेढीची चौकशी करा. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली अशी पेढी सुरू झाली. पेढीतील दूध तपासलेल्या दात्या मातांचे असते आणि ते ६२.५ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवून निर्जंतुक केलेले असते. शेजारणीचे किंवा नात्यातल्या बाईचे न तपासलेले दूध मात्र या बाळाला देऊ नये.

प्रश्न : अंगावर पाजत असताना दिवस राहत नाहीत, हे खरे का? गोळ्या घेतल्या तर दूध आटेल का? (जालना)

उत्तर : बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, पाळी परत आलेली नसेल आणि बाळ दिवसरात्र केवळ अंगावरच पीत असेल, या तिन्ही अटी एकाच वेळी पूर्ण होत असतील तर गर्भधारणेची शक्यता दोन टक्क्यांहून कमी असते. यांतील एक अट मोडली की हा भरवसा संपतो. इस्ट्रोजेन असलेल्या नेहमीच्या मिश्र गोळ्यांनी दूध कमी होऊ शकते, म्हणून पहिले सहा महिने त्या टाळाव्यात. तांबी, सरकारी दवाखान्यात मिळणारी ‘छाया’ गोळी, आणि सहा आठवड्यांनंतर ‘अंतरा’ इंजेक्शन हे पर्याय पाजणाऱ्या आईला चालतात.

प्रश्न : मी खासगी कंपनीत नोकरी करते. सव्वीस आठवड्यांच्या रजेपैकी आठ आठवडे प्रसूतीपूर्वीच गेले. आता बाळ चार महिन्यांचे होत असताना रुजू व्हायचे आहे. सकाळी नऊ ते सायंकाळी सहा मी बाहेर असेन. पंपाने एका वेळी जेमतेम ६० मिलिलिटर निघते. बाळाला भुकटीचे दूध सुरू करावे का? (पुणे)

उत्तर : करू नका, निदान त्या ६० मिलिलिटरकडे पाहून तर नाहीच. बाळ जितके ओढते तितके कोणत्याही पंपाने निघत नाही, आणि दिवसभर बाळाला पाजून वर एवढे निघत असेल तर दूध चांगलेच आहे. तुम्ही बाहेर असाल त्या नऊ तासांत बाळाला साधारण तीन वेळा दूध लागेल. निघण्यापूर्वी एकदा आणि घरात आल्याबरोबर एकदा अंगावर पाजा, रात्रीचे पाजणे चालू ठेवा आणि कार्यालयात दर तीन तासांनी, म्हणजे दोन किंवा तीन वेळा, दूध काढा. बाळ ज्या वेळी पीत असे त्या वेळी दूध काढले गेले, तरच पुरवठा टिकतो. सुटीच्या दिवशी मात्र पंप बाजूला ठेवून पूर्ण वेळ अंगावरच पाजा.

काढलेले दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकते. आपल्याकडचा उन्हाळा लक्षात घेता त्यावर विसंबू नका. झाकणाच्या स्वच्छ डब्यात भरून बर्फाच्या पिशव्यांसह इन्सुलेटेड पिशवीत ठेवा, त्यात ते चोवीस तास चांगले राहते. फ्रिजमध्ये, दारात न ठेवता आतल्या बाजूस ठेवल्यास चार दिवस चालते; वीज वारंवार जात असेल तर दुसऱ्या दिवशीच वापरून टाका. डब्यावर तारीख व वेळ लिहा आणि जुने दूध आधी द्या. वर साय धरली म्हणजे दूध फाटले असे नाही, हलक्या हाताने हलवले की ती मिसळते. देताना डबा कोमट पाण्यात ठेवून गरम करावा. आचेवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये. बाळाने उष्टे केलेले दूध दोन तासांनंतर टाकून द्यावे. आजी-आजोबा किंवा सांभाळणाऱ्या ताई यांनी रुजू होण्याच्या दोन आठवडे आधीपासून, तुम्ही खोलीत नसताना, वाटी-चमच्याने पाजण्याचा सराव करावा. आईचा वास आला की बाळ वाटीला तोंड लावत नाही.

कायद्याची बाजू भक्कम आहे, ती मागायला संकोच करू नका. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीखेरीज दिवसात दोन वेळा स्तनपानासाठी सुटी मिळण्याचा तुमचा हक्क आहे. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी आणि तिथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा हवी. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पाळणाघराची ही तरतूद आणली. रुजू होण्यापूर्वीच मनुष्यबळ विभागाला लेखी कळवून आतून कडी लागणारी खोली, वीजजोडणी, हात धुण्याची सोय आणि फ्रिजमध्ये जागा मागून घ्या. स्वच्छतागृहात उभे राहून दूध काढायला सांगितले, तर स्पष्ट नकार द्या. ते तुमच्या बाळाचे अन्न आहे. शक्य असेल तर रुजू होण्याचा दिवस सोमवारऐवजी गुरुवार ठरवा, म्हणजे पहिल्या दोन-तीन दिवसांत काय अडते ते कळेल आणि आठवड्याअखेर बाळाला भरपूर पाजून पुरवठा पुन्हा सावरता येईल.